वॉर्ड तीनमध्ये पावणेदोन

रेबेका पाटोळे सिस्टरची सकाळची ड्युटी सुरू झाली तेव्हा तिची मुलगी बालवाडीत होती. आता मुलगी नर्सिंग पास झाली तरी ती ड्युटी संपलेली नव्हती, कारण चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. त्यामुळे उपजिल्हा रुग्णालयाच्या तीन नंबरच्या, म्हणजे बायकांच्या वॉर्डात अजून तोच मंगळवार चालू होता आणि दुपारचे पावणेदोन वाजले होते.

आता नियम म्हणाल तर अगदी सरळ आहे. सिस्टरची वेळ झाली म्हणून तिने पर्स उचलायची आणि चालू लागायचं, असं दवाखान्यात होत नाही. पुढच्या पाळीची सिस्टर येते, दोघी प्रत्येक बेडपाशी जातात, जाणारी सांगते, येणारी ऐकते. शेवटी येणारी औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या हातात घेते आणि म्हणते, "घेतला." तो शब्द पडला की एकीची ड्युटी संपते आणि दुसरीची सुरू होते. मधे फट ठेवायची नाही, कारण फटीत पेशंट कोणाचा, हे कोणालाच सांगता यायचं नाही. रेबेकाला हा नियम पूर्ण मान्य होता. तिचा संताप नियमावर नव्हताच. अख्ख्या दवाखान्यात नियम पाळणारी ती एकटीच उरली होती, त्यावर होता.

त्या मंगळवारी दुपारच्या सिस्टर आल्या नाहीत. त्यांची आदल्या दिवशीच बदली झाली होती आणि जागा रिकामी होती. मेट्रन कानडेबाई, म्हणजे सगळ्या सिस्टर लोकांच्या वरिष्ठ, दारात येऊन म्हणाल्या, "पाटोळे, पाच मिनिटं थांबा. पाठवतेच कोणाला तरी." रेबेका थांबली. तेव्हापासून ती पाच मिनिटं चालू आहेत. कानडेबाई खोटं बोलल्या असंही म्हणता येत नाही, कारण वॉर्डातलं घड्याळ पावणेदोनवर उभं आहे, म्हणजे पाच मिनिटं अजून झालेलीच नाहीत. कार्यालयाने तसं उत्तरही दिलं होतं.

बाहेर मात्र दिवस रीतसर जात होते. गेटाबाहेरचा चहावाला म्हातारा झाला, त्याचा मुलगा गाडीवर बसू लागला. कोपऱ्यात मोबाइलचं दुकान आलं, मग त्या जागी लॅब आली. वॉर्ड तीनमध्ये मात्र खिडकीतून आलेलं ऊन आठ नंबरच्या बेडच्या पायथ्याशी पडलेलं होतं, ते तिथून हललं नाही. पेशंट बायका मंगळवारी यायच्या, मंगळवारीच बऱ्या व्हायच्या आणि मंगळवारीच घरी जायच्या. दाराबाहेर पाऊल टाकलं की गुरुवार असायचा नाहीतर शनिवार. त्याचं कोणाला विशेष वाटत नसे. नातेवाईक फक्त विचारायचे, "आत मंगळवारच आहे ना? मग मटण चालेल." स्वयंपाकघरातून संध्याकाळचं जेवण आलं की ते दुपारचं उशिरा आलं असं धरायचं. डॉक्टर सकाळी फेरीला यायचे, त्याला दुपारची जादा फेरी म्हणायचं. वॉर्डात अंधार कधी पडत नसल्यामुळे दिवे लागत नसत, आणि त्याबद्दल अधीक्षक डॉ. उपासनींना वीजबचतीची ढाल मिळाली. ढाल त्यांच्या केबिनमध्ये होती. रेबेकाला तिचा फोटो दाखवण्यात आला.

एका दिवसात माणसाचं वय वाढत नाही, तसं रेबेकाचंही वाढलं नाही. एक केस पांढरा झाला नाही. रात्रच झाली नाही म्हणून झोपही येत नव्हती. पाय मात्र सुजायचे, कारण पायांना वार कळत नाही. तिने एकदा पाय दुखतात म्हणून अर्ज केला. ड्युटी संपल्यावर विश्रांती घ्यावी, असं त्यावर लिहून आलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आणि म्हणून कोणी असं समजू नये की ती मुळूमुळू रडत बसून होती. काम तिच्या हातात बसलेलं होतं. जी शीर डॉक्टरांना दिसायची नाही ती तिच्या बोटाला सापडायची. एखादी बाळंतीण गप्प गप्प वाटली तर ती चादर उचलून बघायची, आणि तिची शंका बहुतेक वेळा खरी ठरायची. न्युमोनियाने निळी पडलेली एखादी आजी पुढे स्वतःच्या पायांनी दाराबाहेर गेली की रेबेकाला आत कुठेतरी गार वाटायचं. ते खरंच समाधान होतं, आणि तिला ते कोणी दिलेलं नव्हतं, तिने कमावलेलं होतं. म्हणूनच तिला जास्त चीड यायची. काम आवडतं ना, मग करा की! मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं, ही या लोकांची रीत.

नवरा शांतवन एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. तो रोज डबा घेऊन यायचा, आणि त्याचं बोट धरून लेक, कृपा. डब्यात काल रात्रीची कुठलीतरी भाजी असायची, पण रेबेकाच्या हिशेबी काल रात्र म्हणजे सोमवारची, आणि सोमवारी रात्री तिने स्वतः पिठलं केलं होतं. तरी ती खायची. उभ्यानेच खायची, कारण बसलं की कोणीतरी हाक मारायचंच.

वॉर्डाच्या दाराशी वजनकाटा होता आणि त्याला उंची मोजायची पट्टी होती. कृपाच्या प्रत्येक वाढदिवसाला रेबेका तिला त्या पट्टीखाली उभी करायची. मुलगी पट्टीच्या मधल्या आकड्यांवरून वर वर सरकत गेली. शाळेची बॅग गेली, कॉलेजची आली. मुलीच्या पोटात पहिल्यांदा दुखलं तेव्हा तिला समजावून सांगायला आई घरी नव्हती. दारात उभं राहून, पेशंट बायकांच्या देखत, कुजबुजत सांगावं लागलं. दहाव्या बेडवरच्या बाईने तिकडे तोंड फिरवून घेतलं, तेवढी माणुसकी तिच्यात होती. दहावीचा निकाल दारातच कळला. एका ख्रिसमसला कृपाने नवीन फ्रॉक घालून दारात गोल फिरून दाखवला आणि रेबेकाने सलाईनचा थेंब मोजता मोजता तो बघितला. इतकं सगळं झालं, आणि सगळं एका मंगळवारी दुपारी.

एकदा रिलीव्हर, म्हणजे बदली सिस्टर, आल्या होत्या, नाही असं नाही. तरणीताठी मुलगी होती, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली. रेबेकाने तिला पहिल्या बेडपासून सांगायला सुरुवात केली. पाचव्या बेडपर्यंत ती मान डोलावत आली, मग खिडकीतल्या उन्हाकडे बघून तिने विचारलं, "माझ्यानंतर कोण येणार आहे?" रेबेकाला खोटं बोलता आलं असतं. पण लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलेलं आडवं आलं. ती म्हणाली, "माहीत नाही." ती मुलगी हात धुऊन येते म्हणाली आणि तिथूनच आजारपणाच्या रजेवर गेली. रेबेकाने तिला शिव्या दिल्या नाहीत. तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, असं तिला वाटलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिच्या जागीच आपण आहोत आणि आपण हे केलेलं नाही.

मग सर्वेक्षण झालं. शहरातल्या कुठल्याशा संस्थेची दोन माणसं सिस्टर लोकांचा कामाचा ताण, आत्मविश्वास आणि समाधान मोजायला आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅबलेट. त्यांनी विचारलं, गेल्या आठवड्यात कामाचा ताण जाणवला का? रेबेकाचा गेला आठवडा म्हणजे त्या मंगळवारच्या आधीचा आठवडा, आणि त्या आठवड्यात ती धाकट्या भावाच्या लग्नाला माहेरी गेली होती. खोटं कसं सांगायचं? ती म्हणाली, नाही जाणवला. घरच्यांना वेळ देता आला का? आला, चार दिवस सगळे एकत्र होतो. काल झोप पुरेशी झाली का? झाली. हे काम करू शकेन असा विश्वास वाटतो का? वाटतो. कामात समाधान आहे का? तिला नवव्या बेडवरची, आता घरी गेलेली आजी आठवली. आहे, ती म्हणाली. पण मला राग आलेला आहे, तो कुठे लिहायचा? माणसांनी टॅबलेट वरखाली करून बघितला. रागाला जागा नव्हती.

निकाल लागला तेव्हा पाटोळे सिस्टर अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात कमी ताणाची आणि सगळ्यात समाधानी परिचारिका ठरली. प्रवेशद्वारापाशी तिचा फोटो लागला. उपासनी साहेब शाल आणि नारळ घेऊन वॉर्डात आले, बरोबर कानडेबाई, मागे फोटोवाला. साहेबांनी भाषण केलं की ताण हा मनाचा खेळ आहे आणि पाटोळे सिस्टरकडून सगळ्यांनी शिकावं. रेबेकाच्या हातात त्या वेळी बेडपॅन होतं, ते तिने खाली ठेवलं नाही.

"साहेब, नारळ नको," ती म्हणाली. "रिलीव्हर द्या."

साहेब हसले. फोटोवाल्याकडे वळून म्हणाले, बघा, कामावर असूनही विनोदबुद्धी किती शाबूत आहे. शाल तिच्या खांद्यावर घालून सगळे गेले. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना उजेड दिसतो. रेबेकाने शाल सहाव्या बेडवरच्या थंडी वाजणाऱ्या म्हातारीला पांघरली आणि नारळ फोडून वॉर्डभर वाटला, पण राग काही उतरेना. एवढ्या काळात तिला एक शीर पहिल्यांदाच दुसऱ्या खेपेला सापडली. त्याचा राग तिला सगळ्यात जास्त आला.

आणि मग एकदा दारात पांढऱ्या कपड्यांतली एक सिस्टर उभी राहिली. हातात हजर होण्याचा आदेश, कडक इस्त्रीचा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. रेबेका अकराव्या बेडपाशी होती. तिने मान वर केली. ती कृपा होती.

कृपा नर्सिंगला गेल्याचं तिला माहीत होतं. पोरीने दारातच सांगितलं होतं, आणि आई म्हणून रेबेकाला अभिमान वाटला होता. पोरगी कशासाठी शिकतेय हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. आता ते समोर उभं होतं.

साहेब आणि कानडेबाई मागोमाग आलेच. साहेब भारी खुशीत होते. घरचंच माणूस मिळालं, ते म्हणाले, पेशंटचीही ओळख आहे, उंचीची पट्टी कुठे आहे हेही तिला माहीत आहे. तिसऱ्या बेडवरच्या नवीन आलेल्या बाईने शेजारणीला हळूच विचारलं, या दोघी जावा-जावा का? आईचं वय थांबलेलं आणि मुलीचं वाढलेलं, तिला तरी काय कळणार.

रेबेकाने किल्ल्या खिशात घट्ट धरल्या. "हिला मी चार्ज देणार नाही."

कानडेबाई म्हणाल्या, पाटोळे, असं काय करता? इतकी वर्षं तुम्हीच तर रिलीव्हर मागत होतात.

"रिलीव्हर मागत होते, मॅडम. लेक नव्हती मागितली." मग ती साहेबांकडे वळली. "हिच्यानंतर कोण आहे?"

साहेबांनी चष्मा पुसला. पद मंजूर नाही, प्रस्ताव वर गेलेला आहे, सकारात्मक विचार चालू आहे, असं ते सांगू लागले. तेव्हा रेबेकाचा बांध फुटला. एका मंगळवारात तुम्ही माझी पोरगी वाढवलीत, ती म्हणाली. तिची वेणी मी घातली नाही. तिला ताप आला तेव्हा मी परक्यांचे ताप बघत होते, आणि ते बघायला मला कधी जड गेलं नाही, कारण कोणीतरी बघायलाच हवं. पण ते कोणीतरी प्रत्येक वेळी मीच का? तुमच्या घड्याळात रोज पाच वाजतात. तुम्ही रोज घरी जाता. मी काही तुमच्याकडे देवपण मागितलं नव्हतं, बदली माणूस मागितला होता. आणि आता माझं हे उभं आयुष्य पोरीच्या गळ्यात बांधू म्हणता? ती ओरडली नाही. वॉर्डात ओरडायचं नसतं. पण वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या होत्या, ज्यांना उठायची मनाई होती त्यासुद्धा.

साहेब म्हणाले, भावना समजू शकतो. आणि खरोखर, त्यांना समजत होत्या असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

मग कृपा बोलली. तिने आदेश घडी करून खिशात ठेवला होता.

"आई, माझ्यानंतर तू येशील."

रेबेकाने खिशातल्या किल्ल्या आणखी घट्ट धरल्या.

"तू घरी जा. पप्पांनी भात लावलाय. जेव, झोप. मग ये आणि माझ्याकडून चार्ज घे. तुझ्यानंतर मी येईन. एकटीला जमत नव्हतं, दोघींना जमेल."

इतक्या वर्षांत, म्हणजे त्या एका दुपारी, रेबेकाने सगळ्या वाटा शोधल्या होत्या. ही सापडली नव्हती, कारण हिला दोन माणसं लागत होती. तिने उलटसुलट विचार केला. नियमात कुठेही खोट नव्हती.

"आणि आपण दोघी एकदम घरी कधी असणार?" तिने विचारलं.

कृपाला याचं उत्तर पाठ असावं, कारण ती लगेच म्हणाली, "चार्ज देताना भेटूच की."

कानडेबाईंनी पदराने डोळे टिपले आणि घड्याळाकडे बघितलं. रेबेकाने पहिल्या बेडपासून सुरुवात केली. एक नंबर, बाळंतीण, टाके ओले आहेत, लाजते, विचारल्याशिवाय सांगणार नाही. दोन नंबर, साखर वाढलेली, उशीखाली पेढे ठेवते, रोज बघायचं. ती सांगत गेली, कृपा ऐकत गेली. आठव्या बेडच्या उन्हापाशी रेबेका थोडी थांबली. बारा नंबर झाला. तिने किल्ल्या पुढे केल्या तेव्हा बोटं सुटेनात, कृपाने ती एकेक करून सोडवली.

"घेतला," कृपा म्हणाली.

घड्याळात दोन वाजले. ऊन आठव्या बेडवरून सरकून भिंतीवर गेलं.

रेबेका पायऱ्या उतरली तर बाहेर गुरुवार होता. रस्ता ओलांडायला ती तीनदा पुढे झाली आणि तीनदा मागे आली. इतक्या गाड्या, आणि सगळ्या तिच्याच अंगावर येताहेत असं वाटत होतं. शेवटी एका शाळकरी पोरीने तिला हात धरून पलीकडे नेलं आणि विचारलं, काकू, गावात नवीन आहात का? हो, रेबेका म्हणाली. घरी शांतवनचे केस पांढरे झाले होते. दारात तिला रोज दिसायचे ते, पण घराच्या उजेडात जास्तच दिसले. कृपाचा पलंग मोठ्या माणसाच्या मापाचा होता. त्यावर बसून तिने जेवण केलं, बसून. मग ती म्हणाली, मला सकाळी उठव, हाकेने उठले नाही तर अंगावर पाणी ओत. इतक्या काळाची झोप बाकी होती, तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. शांतवनला तांब्या आणावा लागला. पण ती उठली. तिची लेक तिकडे होती, आणि लेकीनंतर कोण, हे या वेळी तिला माहीत होतं.

वॉर्डात पोचली तेव्हा तिथे संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते, आणि ती येईपर्यंत तेवढेच वाजलेले राहिले होते. चार्ज देऊन घेऊन झाला. मग कृपा घरी गेली. मग कृपा आली आणि रेबेका घरी गेली. साहेबांनी वर कळवलं की वॉर्ड तीनमधला प्रश्न कायमचा सुटला आहे. वरून उत्तर आलं की दोघींत भागत असेल तर रिकामं पद ठेवायचं कशाला, आणि ते पद रद्द झालं. भागवून घेणाऱ्याच्या नशिबी भागवणंच येतं. रेबेकाने त्या दिवशी साहेबांच्या केबिनसमोर उभं राहून, ड्युटीबाहेरच्या वेळेत, मोठ्याने काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. केबिनचं दार बंद होतं.

पण एक गोष्ट कार्यालयाच्या लक्षात आली नव्हती. घड्याळ पुढे सरकतं ते "घेतला" या शब्दाने. चार्ज देणं चालू असताना एकीची ड्युटी संपलेली नसते आणि दुसरीची सुरू झालेली नसते. तो वेळ दवाखान्याचा नसतो, दोघींचा असतो. आणि चार्ज किती वेळात द्यायचा, हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही.

त्यामुळे हल्ली वॉर्ड तीनमध्ये चार्ज सावकाश देतात. पेशंट बायकांना सवय झाली आहे, त्या मधे मधे सल्लेही देतात. कृपाला सांगून आलेल्या कोपरगावच्या स्थळाला नकार द्यावा, असं दोन आणि सात नंबरचं मत पडलं. रेबेका मुलीची वेणी घालते. दोघी जेवतातही, खिडकीत बसून. मेट्रनबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या की बाहेर माझा अर्धा दिवस गेला, अजून तुमचं चालूच? रेबेका म्हणाली, "पाच मिनिटं थांबा, मॅडम." कानडेबाई थांबल्या नाहीत.

आजही चार्ज चालू होता. "चार नंबर," कृपा सांगत होती, "सलाईन सकाळी लावलंय, हात सुजला तर काढ. कालची आमटी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घेत जा, पप्पा गारच खातात. पाच नंबर, ताप उतरला. माझा निळा ड्रेस उसवलाय, वेळ झाला तर टाका घाल. सहा नंबर..." असं करत ती बारा नंबरपर्यंत आली. तिचे डोळे झोपेने जड झाले होते. तिने किल्ल्या पुढे केल्या.

रेबेकाने हात पुढे केला नाही.

"चार नंबर परत सांग," ती म्हणाली.